हाताच्या अंतरावरचं जग

डोळे आणि कान इथेच ठेवून चला. पहिला मुक्काम त्यांच्याविना करायचा आहे.

साल १८९५, मार्चची सुरुवात. फ्रान्सच्या पश्चिम भागातल्या प्वातिए शहराबाहेर लार्ने नावाचा मठ आहे, तिथे तुम्ही पोहोचलात. अर्थात हे मी सांगते आहे म्हणून तुम्हाला कळलं. ज्या शरीरात तुम्ही आत्ता शिरलात त्याला साल, महिना, फ्रान्स यातलं काही ठाऊक नाही. ते शरीर एका मुलीचं आहे. तिला दहा वर्षं पूर्ण व्हायला महिना-दीड महिना उरलाय. पायांखाली गार फरशी आहे. नाकात सगळे परके वास आहेत. अंग अजून प्रवासाच्या हादऱ्यांनी आंबलेलं आहे. एक मोठा, खरखरीत हात आत्तापर्यंत तुमच्या खांद्यावर होता. तो हात तुम्ही जन्मापासून ओळखता, आणि आता तो नाही. कुठे गेला, का गेला, परत येईल का, हे प्रश्न तुम्हाला पडत नाहीत, कारण प्रश्न पडण्यासाठी जी सामग्री लागते ती तुमच्याकडे कधी आलीच नाही. हात होता. हात नाही. एवढंच.

तुम्ही जमिनीवर अंग टाकता आणि ओरडू लागता. ओरडणं तुम्हाला ऐकू येत नाही. घशात आणि छातीत काहीतरी थरथरतं, तेवढं कळतं. कोणीतरी उचलतं, तुम्ही हातपाय झाडता. कित्येक आठवडे हे असंच चालतं. बाहेर फिरायला नेलं तर वाटेतच तुम्ही आडव्या पडता, आणि चार हात तुम्हाला उचलून परत आणतात.

या मुलीचं नाव मारी अर्तँ. नाँत शहराजवळच्या व्हर्तू गावात १३ एप्रिल १८८५ रोजी ती जन्मली. बाप लाकडी पिंपं बनवणारा, घर गरीब. ती जन्मापासूनच पाहू शकत नव्हती आणि ऐकूही शकत नव्हती. जाणत्या लोकांचा सल्ला होता की हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. बापाने तो मानला नाही, म्हणून ती आज या गार फरशीवर आहे.

तुम्ही तिच्या कातडीत शिरलात तरी एक फरक राहणारच. तुम्ही शब्द बरोबर घेऊन आला आहात. अंधारात बसलेल्या तुम्हाला ‘अंधार’ हा शब्द येतो, शांततेला तुम्ही शांतता म्हणता. मारीला अंधारही नाही आणि शांतताही नाही, कारण उजेड आणि आवाज यांच्याशिवाय ही दोन्ही नावं पोकळ आहेत. तुम्ही कितीही डोळे मिटलेत, कितीही कान बंद केलेत, तरी तिच्या जागी पुरते बसू शकत नाही. शक्य तितकं जवळ जायचं, एवढंच आपल्या हाती आहे.

हेलन केलरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पंपाखालचं वाहतं पाणी, एका तळहातावर बोटांनी जुळवलेली अक्षरं, आणि झटक्यात उघडलेलं जग. ती घटना एप्रिल १८८७ मधली, अमेरिकेतल्या अलाबामाची, म्हणजे तुमच्या या लार्नेच्या आठच वर्षं आधीची. पण हेलन एकोणीस महिन्यांची होईपर्यंत पाहत होती, ऐकत होती. पाण्याचा बोबडा शब्द आजारानंतरही तिच्या तोंडी टिकून होता. तिच्याआधी, १८३७ साली, बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत आलेल्या लॉरा ब्रिजमनलाही दोन वर्षांची होईपर्यंत जग दिसलं आणि ऐकू आलं होतं. त्या दोघींना जग एकदा मिळालं आणि मग ते हिरावलं गेलं. मारीला ते मिळालंच नव्हतं. हेलनच्या कर्तृत्वाबद्दल मला नितांत आदर आहे, पण तिच्या तेजात हा फरक झाकला गेला आणि त्याची किंमत जन्मतः बधिरांध असलेली मुलं आणि त्यांच्या आया आजही मोजत आहेत. शेजारपाजारचे लोक आशेने विचारतात, तुमच्या मुलाला अजून पंपाचं पाणी कसं नाही सापडलं?

पाहणारं, ऐकणारं मूल काय काय फुकटात शिकतं याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. आठ-नऊ महिन्यांचं बाळ दुपट्याखाली लपवलेला खुळखुळा शोधू लागतं. वस्तू नजरेआड झाली तरी ती आहे, हे त्याला उमगतं. कसं उमगतं? हजारदा पाहून. आई स्वयंपाकघरात गेली तरी भांड्यांचा आवाज येत राहतो, म्हणजे आई आहे. भाकरी ताटात पडण्याआधी पीठ मळलं जातं, परातीत थापलं जातं, तवा तापतो, वास येतो. रांगतं मूल हे सगळं रोज बघतं आणि कोणीही न शिकवता कशानंतर काय येतं ते शिकतं. मारीसाठी भाकरी कुठूनच येत नाही. ती ओठांशी एकदम उगवते आणि एकदम संपते. माणसंही तशीच. कोणीतरी अचानक दंड धरतं, कोणीतरी अचानक कपडे उतरवतं. जग हाताच्या लांबीपाशी संपतं, आणि त्या हद्दीतही ते सांगून-सवरून येत नाही. अशा जगात माणूस अंग आखडून घेतो, नाहीतर ओरडतो. दोन्हींमागे धडधाकट बुद्धीच असते. हाती आहे तेवढ्या माहितीवर तिने काढलेला तो निष्कर्ष असतो.

आता तुमच्या हातात पाहा. तुमच्याजवळ एक छोटा घडीचा चाकू आहे, घरून आणलेला. या मठात तुमच्या ओळखीची तेवढी एकच गोष्ट. तुम्ही तो उघडता, मिटता, गालाला लावता. पातं मिटताना बसणारा छोटा झटका तुम्हाला आवडतो. एका नव्या हाताचं या चाकूकडे लक्ष गेलं आहे. तो हात सिस्टर सँत-मार्गेरीत यांचा. त्या तुमचा चाकू काढून घेतात. तुम्ही चवताळता. त्या तुमचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतात, एका हातावर दुसरा आडवा ठेवतात आणि कापल्यासारखा पुढे-मागे करतात. मग चाकू परत देतात. तुम्ही तो छातीशी धरता. त्या पुन्हा काढून घेतात.

पुन्हा राग, पुन्हा तीच हालचाल, पुन्हा चाकू. तुम्हाला यात शिकवणी दिसत नाही, छळ दिसतो. पण असाच एकदा चाकू काढून घेतला जातो आणि तुम्ही ओरडण्याऐवजी स्वतःच एक हात दुसऱ्यावर आडवा ठेवून ओढता. लगेच चाकू तळहातावर येतो.

इथे जरा थांबा, कारण या घटनेत किती गोष्टी एकत्र आल्या ते बघण्यासारखं आहे. चाकू हातात नसतानाही तो आहे, हे तुम्ही धरून चाललात. नसलेल्या वस्तूच्या जागी तुम्ही एक हालचाल ठेवलीत. आणि तुमच्याबाहेर कोणीतरी आहे, त्या कोणाच्या मनापर्यंत ही हालचाल पोहोचते आणि ते मन उत्तर देतं, हेही तुम्ही गृहीत धरलंत. वस्तू, मी आणि तू, हे तिघं पहिल्यांदाच एका ठिकाणी जमले. पाहणारं बाळ वर्षाच्या आसपास बोट दाखवून आईकडे बघतं, तेव्हा हेच घडत असतं. मारीला त्यासाठी दहावं वर्ष सरत यावं लागलं, कारण तोवर तिच्या आवडीची वस्तू हाच रस्ता आहे हे कोणी ओळखलं नव्हतं. सिस्टरांनी सुरुवात मुळाक्षरांपासून केली असती, प्रार्थनेपासून केली असती, तर ती फरशीवरच राहिली असती असं मला ठामपणे वाटतं. त्यांनी मुलीला जे प्रिय होतं तिथूनच सुरुवात केली.

चाकूनंतर अंड्याची खूण आली, मग इतर वस्तूंच्या. त्यांच्यामागून बोटांची मुळाक्षरं आणि ब्रेल आली. वस्तूंच्या पलीकडचं शिकवतानाही सिस्टर हातांनाच वाट पुसत. मोठं आणि लहान म्हणजे काय हे कळावं म्हणून उंच मुलगी आणि ठेंगणी मुलगी चाचपायला दिली. मठातली एक नन वारली, तेव्हा तिचा गार पडलेला देह मारीच्या हातांना दाखवला. अमूर्त कल्पना बधिरांध मुलांना झेपत नाहीत असं मानणाऱ्यांनी या मुलीच्या हातांना विचारावं. मारी १९२१ साली वारली, तोवर ती लार्नेमध्येच राहिली, वाचत आणि लिहीत. तिची धाकटी बहीण मार्त हीसुद्धा बधिरांध जन्मली आणि तिचं शिक्षणही त्याच मठात झालं.

लुई आर्नू यांनी १९०० साली मारीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच तिला तुरुंगात पडलेला आत्मा म्हटलं आहे. पुस्तकामागची तळमळ खरी होती, तरीही हे चित्र मला पटत नाही. तुरुंग म्हटला की आत एक पूर्ण घडलेला कैदी आला, आणि बाहेरच्यांचं काम फक्त कुलूप उघडण्याचं. मारीच्या आत घडलेली, तयार मारी वाट पाहत बसली नव्हती. ती घडली ती दोन माणसांच्या हातांच्या मधल्या जागेत, रोजच्या देवघेवीतून. ती देवघेव झालीच नसती तर ती घडलीही नसती. म्हणून एखादं मूल ‘मतिमंद’ आहे असं सांगितलं जातं, तेव्हा त्याच्याशी आजवर किती आणि कशी देवघेव झाली, हे आधी विचारायला हवं.

आता डोळे-कान परत घ्या. सिडनी, १९४१. तुम्ही नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या प्रतीक्षागृहात बसला आहात. जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं एकामागून एक येत आहेत, एरवी वर्षभरातही दिसणार नाहीत इतकी. आया आपसात बोलताहेत, गरोदरपणी आपल्याला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, आला होता म्हणून. आदल्या वर्षीच साथ येऊन गेलेली. ग्रेग यांच्या कानावर हे पडतं आणि दोन गोष्टींची सांगड बसते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी ७८ बाळांची माहिती डॉक्टरांपुढे मांडली. रुबेलाचा विषाणू आईला दोन-चार दिवसांचा किरकोळ ताप आणि पुरळ देऊन जातो, पण पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भाचे डोळे, कान आणि हृदय पोखरतो, हे जगाला असं कळलं. बहिरेपण मात्र पहिल्या मांडणीत नव्हतं, ते मागाहून ध्यानात आलं. बाहुलीतला पांढरा ठिपका आईला दिसतो. ऐकू न येणं दिसत नाही. अशी कित्येक मुलं आधी नुसती अंध समजली गेली आणि मायेने बोलणाऱ्या आवाजांकडे पाठ करून पडून राहिली. पुढे १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० मुलं या विषाणूचा फटका घेऊन जन्मली.

मॉस्कोजवळच्या झागोर्स्क गावात १९६३ साली बधिरांध मुलांची निवासी शाळा सुरू झाली. तिथे थोडंच थांबू. या मुक्कामी तुम्ही मूल नाही, शिक्षिका आहात. समोर सुपाची वाटी आहे. तुम्ही मुलाच्या पाठीमागे उभ्या आहात, त्याच्या मुठीत चमचा आहे आणि त्या मुठीवर तुमची मूठ. चमचा बुडवता, उचलता, त्याच्या ओठांशी नेता. त्याचा हात तुमच्या हातात निर्जीव आहे. विरोध करत नाही, मदतही करत नाही. दिवसचे दिवस असेच जातात. मग कधीतरी, चमचा वाटीतून वर येताना, त्याच्या मनगटात अगदी बारीकसा जोर लागतो. तुम्हाला तो जाणवला पाहिजे, आणि त्याच वेळी तुमचा हात तेवढाच सैल पडला पाहिजे. अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं आणि त्यांचा सगळा भर या सैल पडण्यावर होता. तुम्ही पूर्वीच्याच जोराने करत राहिलात तर मूल आपला जोर काढून घेतं. हात लवकर सोडलात तर चमचा सांडतो. हे जमलं, की पुढे केव्हातरी रिकामी मूठ तोंडाकडे नेऊन मूल सांगतं, भूक लागली. चाकूची खूण जशी कापण्यातून आली, तशी ही खाण्यातून येते. अशी भाषा मुलाच्या अंगात आधी काम म्हणून येते आणि मग खूण होते.

आणि आता नेदरलंड्स, सिंट-मिखिल्सखेस्तेलची बहिऱ्या मुलांची संस्था, साठच्या दशकाचा मध्य. यान व्हान डाइक नावाचा एक तरुण शिक्षक इथे रुबेलाने बाधित झालेल्या मुलांबरोबर काम करतो आहे. तुम्ही त्याच्या वर्गात, जमिनीवरच्या चटईवर. चार वर्षांचा मुलगा खिडकीशी बसला आहे. मोतीबिंदू काढल्यावर त्याला उजेड तेवढा कळतो. तो उजेडाकडे तोंड करून डोळ्यांसमोर बोटं फडफडवतो आहे आणि कमरेतून पुढे-मागे डुलतो आहे. कालपर्यंत तुम्ही त्याचे हात धरून खाली दाबत होतात. या सवयी मोडल्या पाहिजेत, असंच तुम्हाला शिकवलं होतं.

व्हान डाइक यांची पद्धत उलटी. त्याच्या मागे बसा, पाय दोन्ही बाजूंनी पसरा, त्याची पाठ तुमच्या छातीला टेकू द्या. तो डुलतो तसंच डुला. त्याच्याच लयीत, त्याच्याच वेगाने. आधी तो ताठ होतो. मग पाठ हळूहळू सैलावते. मिनिटभर तुम्ही दोघं एकच शरीर असल्यासारखे हलता.

आता थांबा.

हे थांबणं फार कठीण असतं. पाच सेकंद जातात, दहा जातात. हाताला काहीतरी करावंसं वाटतं. काही करू नका. त्याचं अंग स्थिर झालंय. काहीतरी बदललं हे त्याला कळलंय आणि काय बदललं हे तो शोधतोय. बधिरांध मुलाला हे शोधायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि आपण बहुतेकदा उत्तर यायच्या आतच उठून जातो. विसाव्या सेकंदाला त्याची पाठ तुमच्या छातीला एक छोटा धक्का देते.

डुला. लगेच.

तो धक्का म्हणजे एक वाक्य होतं: ‘पुन्हा.’ आपण काही केलं की दुसऱ्या कोणाकडून काही घडतं, हा शोध त्याला आत्ता लागला. कार्यकारणभाव, इच्छा, संवाद, सगळ्याची ही सुरुवात. जी सवय तुम्ही मोडायला निघाला होतात, दार तिथेच होतं.

यापुढची वाट लांब आहे. एकत्र रांगत टेबलाखालून जायचं, गादीवर चढायचं, उडी मारायची. रोज त्याच क्रमाने. काही दिवसांनी टेबल आलं की मुलगा आधीच डोकं वाकवतो. पुढे काय आहे हे त्याच्या शरीराला ठाऊक झालं. मग वस्तू येतात. पोहायला जाण्याआधी हातात टॉवेल, जेवणाआधी चमचा, झोपाळ्याआधी दोरीचा तुकडा. सुरुवातीला दोरी म्हणजे झोपाळ्याचाच एक भाग असतो. सवयीने ती झोपाळ्याची आठवण होते. या वस्तू दिवसाच्या क्रमाने एका ओळीतल्या खोक्यांमध्ये मांडतात. एक काम झालं की ती वस्तू ‘संपलं’च्या टोपलीत. मुलगा खोकी चाचपत जातो. हे झालं, हे चालू आहे, ते यायचं आहे. घड्याळ न पाहिलेल्या, सकाळच्या पाखरांचा आवाज न ऐकलेल्या मुलाच्या हातात काळ असा येतो. टोपलीत हात घालून तो कधीतरी दोरी बाहेर काढून तुमच्या हातात देतो, तेव्हा तो तुम्हाला मघाचा झोपाळा सांगत असतो. ज्याला भूतकाळाबद्दल सांगता आलं, त्याच्या बुद्धीबद्दल ठोकळ्यांच्या चाचणीने काय ठरवायचं?

चाचण्यांचा मला राग आहे तो यामुळेच. टेबलावर मणी, ठोकळे, चित्रं मांडायची, तोंडी सूचना द्यायच्या, आणि मुलाने काही केलं नाही की शून्य लिहायचं. व्हान डाइक यांनी पुढे मुलाच्या मागून जाणारी तपासणी रूढ केली. मुलाला काय आवडतं ते बघा, त्यात सामील व्हा, एक छोटा खेळ तीन-चार वेळा त्याच क्रमाने करा आणि मग मध्येच क्रम मोडा. मूल थबकलं, गोंधळलं, हसलं, तुमचा हात ओढू लागलं, तर त्याने आधीचं लक्षात ठेवलं होतं, पुढच्याची वाट पाहिली होती, आणि काही चुकलं हे ताडलं होतं. स्मरण, अपेक्षा आणि तुलना तिथेच दिसतात, एकही ठोकळा न लावता. व्हान डाइक २०१८ साली गेले. त्यांच्या शिकवणीचा माग आज जगभरच्या वर्गांमध्ये लागतो.

मुंबईत बेरोज वाछा यांनी १९७७ साली बधिर आणि बधिरांध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हा भारतात बधिरांध मुलांची दुसरी शाळा नव्हती. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्वाचा नावानिशी उल्लेख आला. गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात सुरू झाली, पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत गोवा होता. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. या लसीइतकं परिणामकारक काम या क्षेत्रात दुसरं नाही, आणि शाळेत लस द्यायला आलेल्या नर्सबाईंना अफवांपायी परतवणाऱ्या पालकांना ग्रेग यांच्या प्रतीक्षागृहात नेऊन बसवावंसं वाटतं.

शेवटचा मुक्काम आजचा. तालुक्याच्या गावातलं दोन खोल्यांचं घर, आणि तुम्ही आई. मुलगा पाच वर्षांचा. त्याला रुबेला झालेला नाही. त्याच्या एका जनुकात बिघाड आहे. त्यातून होणाऱ्या दोषांच्या गटाला डॉक्टर चार्ज सिंड्रोम म्हणतात. डोळ्याच्या पडद्यात खाच, कानात दोष, हृदयावर शस्त्रक्रिया झालेली. तो दिवसभर पाठीवर पडून असतो. सासूबाई म्हणतात, ‘आळशी आहे गं, बसव त्याला.’ बसवलं की तो कलंडतो आणि रडतो. संस्थेतून घरी येणाऱ्या ताई तुम्हाला समजावतात की कानात ऐकण्याच्या जोडीला तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्याही असतात, आणि अशा बहुतेक मुलांत त्या तयारच झालेल्या नसतात. नुसतं बसून राहायलाच त्याचं सगळं लक्ष खर्ची पडतं. पडून राहिला की हात आणि डोकं मोकळं होतं.

‘बघा ना,’ ताई म्हणतात, आणि स्वतः त्याच्या शेजारी चटईवर आडव्या होतात. तो स्टीलचा चमचा पायाच्या बोटांनी फिरवतोय, गालाला लावतोय, दातांवर आपटून त्याचा कंप घेतोय. हे तुम्ही रोज बघत होतात आणि याला चाळा म्हणत होतात. ताई त्याचा हात धरत नाहीत. आपला हात त्याच्या हाताखाली सरकवतात, तळवा वर, जसा एखाद्याला पकडण्याऐवजी सोबत करायला द्यावा तसा. मुलगा हात काढून घेऊ शकतो. तो काढून घेत नाही.

ताईंनी सांगितलं म्हणून तुम्ही रोज अंघोळीआधी त्याच्या हातात छोटा तांब्या देऊ लागता. तोच तांब्या, त्याच काठाला दोऱ्याची गाठ बांधलेला. तांब्या, मग उचलणं, मग न्हाणीघराची ओली फरशी, मग पाणी. महिने जातात. काही होत नाही. तुम्ही ताईंना म्हणता, ‘ह्याला काही कळत नाही हो.’ ताई म्हणतात, चालू ठेवा.

आणि मग गारठ्याच्या एका सकाळी तुम्ही तांब्या हातात देता आणि तो तांब्या भिरकावून देतो. खणखणत तांब्या कोपऱ्यात जातो. तुम्ही उचलून परत देता, तो परत भिरकावतो, पाठीवरच सरकत सरकत तुमच्यापासून लांब जातो. सासूबाई आतून विचारतात, ‘काय फोडलं गं?’ तुम्हाला रडू फुटतं, तुम्ही ताईंना फोन लावता. पलीकडून आधी त्यांचं हसू ऐकू येतं, मग त्यांचा आवाज चढतो.

‘अहो, पाणी अजून अंगावर पडलेलं नाही! जे अजून घडलेलंच नाही त्याला तो नको म्हणतोय. आज अंघोळ राहू द्या. त्याला कळलं पाहिजे की त्याचं तुम्हाला कळलं. संध्याकाळी पाणी जरा जास्त तापवा, तांब्या पुन्हा द्या. आणि एक रिकामा डबा बघून ठेवा, मी गुरुवारी येते. आता ‘संपलं’ शिकवू.’